कपबश्यांच्या कपाटातला चुगलखोर डबा

माझ्या घरात काय चाललंय हे माझ्याआधी कॅनडात कळतं, हा शोध मला एका मंगळवारी लागला. मी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात बाल्कनीत बसून मुलुखियाची, म्हणजे आमच्याकडच्या पालेभाजीची, पानं खुडत होतो आणि फोन वाजला. बघतो तर शिहाब, माझा मुलगा. आता शिहाब फोन करतो तो शुक्रवारी, नमाजानंतर. "बाबा, सगळं ठीक?" "देवाची कृपा." "औषधं घेता ना?" "घेतो." "हवा कशी आहे?" मग मी अलेक्झांड्रियाची हवा सांगतो, तो हॅलिफॅक्सची सांगतो, आणि दोन्हीकडे समुद्र असल्यामुळे दोन्हीकडे ती दमटच निघते. तेवढ्यावर फोन संपतो. त्यामुळे मंगळवारी त्याचं नाव दिसल्यावर माझ्या मांडीवरची परात कलंडली आणि निवडलेली पानं न निवडलेल्या पानांत जाऊन पडली.

"काय झालं रे? पोरंबाळं बरी आहेत ना?"

"आम्ही बरे आहोत, बाबा. दोन नंबरची डिस्क बरी नाही."

गेल्या उन्हाळ्यात शिहाब आला होता तेव्हा त्याने बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर एक काळा डबा बसवला होता. बुटाच्या खोक्याएवढा, पुढे दोन दिवे, आत शेजारी शेजारी दोन डिस्क. दोन्हींवर अगदी तेच ते साठवलेलं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. "आपलं सगळं घर यात आहे," असं तो म्हणाला होता. लग्नाचे फोटो, त्याच्या मुंडनाचे फोटो, माझा निवृत्तीचा समारंभ, सगळं. डबा स्वतःच स्वतःची नाडी बघतो हेही तो म्हणाला होता. फक्त बिघडलं तर तो कोणाला सांगतो, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तो शेजारच्या खोलीत बसलेल्या मला सांगत नाही. तो हॅलिफॅक्सला मेल पाठवतो.

मी वीज खात्यात मीटर तपासनीस होतो. माझी पावलं जिन्यावर वाजली की अख्ख्या इमारतीतले हीटर बंद व्हायचे. लोकांच्या घरातली चोरी मी वायरच्या रंगावरून ओळखत असे. त्या माणसाच्या घरात विजेवर चालणारा एक डबा राहतो आणि त्याच्याविरुद्ध परस्पर तक्रारी करतो, हे ऐकून मला कसं वाटलं असेल ते माझं मला माहीत.

"बाबा, डिस्क फार तापतेय. डबा उन्हात आहे का?"

"उन्हात? छे. चांगला मानाने ठेवलाय."

हे खरं होतं. शिहाब विमानात बसला त्याच दिवशी मी डबा टेबलावरून उचलून काचेच्या कपाटात ठेवला होता. आमच्याकडे या कपाटाला नीश म्हणतात. नीशशिवाय मुलीचं लग्न होत नाही आणि लग्नानंतर नीश कोणी उघडत नाही. माझ्या बायकोच्या, इझ्दिहारच्या, नीशमध्ये सोनेरी काठाच्या कपबश्या होत्या, सूप वाढायचं झाकणाचं मोठं भांडं होतं, आणि हे सगळं एखाद्या मोठ्या पाहुण्यासाठी राखलेलं होतं. तो पाहुणा काही आला नाही. आम्ही दोघांनी जन्मभर काचेच्या पेल्यातून चहा प्यायला. मुलाने कॅनडातून आणलेली मौल्यवान वस्तू ठेवायला घरात दुसरी योग्य जागा मला तरी दिसली नाही. मागच्या फळीला भोक पाडून वायर आत घेतली, दार लावलं, कुलूप घातलं. डबा आत गुरगुरायचा आणि त्याच्यासोबत कपबश्या बारीक किणकिणायच्या. ते मला आवडायचं. घरात कोणीतरी चहाची तयारी करतंय असं वाटायचं.

शिहाबने कॅमेरा लावायला सांगितला. मी कपाट उघडून फोन आत धरला.

"बाबा, डब्यामागे कपबश्या का दिसतायत?"

मी म्हटलं, कपबश्या डब्यामागे नाहीत, डबा कपबश्यांपुढे आहे. मग सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं त्याने समजावलं की डब्याला श्वास घ्यायला वारा लागतो आणि काचेत बंद केला की तो भाजून निघतो. डबा पुन्हा टेबलावर आला. दोन नंबरच्या डिस्कला मात्र जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिच्यावर खराब जागा पडायला लागल्या होत्या आणि रोज थोड्या वाढत होत्या. डबा रोज चुगली करत होता, आणि शिहाब रोज फोन करत होता.

आता स्पष्टच सांगतो. ते दिवस माझे फार चांगले गेले.

इझ्दिहार गेल्यापासून माझं बोलणं म्हणजे बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडायची, दरवान बखीत तिच्यात भाकरी आणि पेपर ठेवणार, मी वरून "देव भलं करो" म्हणणार, तो खालून "तुमचंही" म्हणणार. लिफ्ट बंद आहे. ती आता चालू होईल अशी आशा फक्त मालकाला आहे. गुडघ्यांमुळे चार मजले मी रोज उतरत नाही. आणि आता हा मुलगा रोज दुपारी फोन करून विचारतो, दिवा कुठल्या रंगाचा आहे, कान लावून ऐका, टकटक येते का, अहवाल वाचून दाखवा. मेलमध्ये नुसती हाकाटी जायची, सगळा अहवाल घरातच उघडायचा, आणि तोही मजेशीर. सगळ्यात वर लिहिलेलं, प्रकृती उत्तम. खाली पानभर तक्रारी. मी एकेक ओळ चष्मा पुसत वाचायचो. मध्येच मी बटाटे कसे महाग झालेत ते सांगायचो आणि तो ऐकून घ्यायचा, कारण पुढची ओळ माझ्याकडे होती.

पण इमारतीत रोज फोन वाजला की इमारत स्वस्थ बसत नाही. वरच्या मजल्यावरच्या मादाम इन्शिराह खाली आल्या. त्या सरकारी इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या आणि अजून आहेत असं समजून चालतात.

"काय हो उस्ताज हिल्मी, रोज परदेशचा फोन. कोण आजारी आहे?"

मी डबा दाखवला. त्यांनी हाताची मागची बाजू त्याच्या अंगाला लावली.

"ताप आहे. कधीपासून?"

"पंधरवडा झाला असेल."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय. रात्रंदिवस चालू ठेवता होय? जिवाला विश्रांती नको? दुपारी बंद करत जा. माझ्या वॉर्डात मी दुपारी कुणाला हलूसुद्धा द्यायची नाही."

मी दुपारी डबा बंद केला. हॅलिफॅक्सला मेल गेला की डबा अचानक नाहीसा झाला. शिहाब कचेरीतून उठून बाहेर आला आणि फोन केला. त्याला वाटलं घरात चोरी झाली. मी म्हटलं, डबा झोपलाय. तो म्हणाला, बाबा, त्याला झोपवू नका. हे मी मादामना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मुलांना आजारपणातलं काय कळतं.

मग बखीत वर आला. बखीत मूळचा असवानकडचा, उंच, सावकाश बोलणारा. त्याने लांबूनच डब्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"हिल्मी बे, हा कोणाकोणाला दाखवलात?"

"का रे?"

"नजर लागलीय. मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडे रोज निळा दिवा कसला दिसतो म्हणून. त्या बाईने कौतुक केलं की दूध नासतं."

मी शास्त्र मानणारा माणूस. वीज खात्यातल्या माणसाने नजरबिजर मानली तर मीटर कोण वाचणार. पण बखीत जाऊन उदाचं धुपाटणं घेऊन आला होता आणि चार मजले चढून आलेल्या माणसाला परत पाठवणं बरं दिसत नाही. त्याने डब्याभोवती धूर फिरवला, पुटपुटला, आणि शेवटी निखाऱ्यांचं धुपाटणं टेबलाखाली, बरोबर डब्याच्या पोटाखाली ठेवून तो पाणी प्यायला गेला.

फोन तो परत यायच्या आत वाजला.

"बाबा, घराला आग लागलीय का?"

"नाही रे. असं का विचारतोस?"

"डबा सांगतोय."

मी बखीतला हाताने खूण केली. तो धुपाटणं उचलून बाल्कनीत पळाला. "काही नाही," मी म्हटलं, "ऊन जरा जास्त आहे आज." शिहाबने विचारलं, ऊन टेबलाखालून येतं का. हा मुलगा लहानपणी असा नव्हता.

शेवटी त्याने नवी डिस्क पाठवली. तिकडून निघाली, समुद्र ओलांडला, आणि माझ्या घरापासून ट्रामने थोड्याच अंतरावर असलेल्या पार्सल कचेरीत येऊन अडकली. खिडकीमागे एक टकला गृहस्थ बसला होता. समोर चहा, चहावर बशी.

"यात काय आहे?"

"डिस्क."

"डिस्कमध्ये काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहे."

"कॅनडातून रिकामी वस्तू मागवलीत?"

मी म्हटलं, भरलेली घरी आहे, ही तिच्याऐवजी. त्याने पुढचा प्रश्न विचारला की यातून काही प्रक्षेपण होतं का. मी म्हटलं, बटाट्यातून जेवढं होतं तेवढं. हे बोलायला नको होतं. त्याने चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही वीज खात्यातले हिल्मी एफेंदी ना? आमच्या बाकोस मोहल्ल्यात यायचात मीटर बघायला."

माझी छाती जरा फुगली. इतक्या वर्षांनी लोक ओळखतात.

"माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही आमची वीज तोडली होती. वडील पाया पडत होते. तुम्ही म्हणालात, नियम आहे."

आता खरं काय ते ऐका. त्याच्या वडिलांनी चाक फिरू नये म्हणून मीटरमध्ये खिळा घातला होता. मी आजही तोडली असती. पण खिडकीच्या त्या बाजूला तो होता आणि या बाजूला मी, आणि बाजू बदलली की खिळ्याला कोणी विचारत नाही. "नियम आहे," असं म्हणून त्याने मला प्रक्षेपण होत नसल्याचा दाखला आणायला पाठवलं. दाखला देणाऱ्या कचेरीने वस्तू बघितल्याशिवाय दाखला देत नाही असं सांगितलं. वस्तू पार्सल कचेरीत. पार्सल कचेरी दाखल्याशिवाय वस्तू देत नाही. मी या दोघांच्या मध्ये ट्रामने येजा करत राहिलो आणि माझे गुडघे सुजले.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बसायला जागा नव्हती, तर त्याने आतून एक स्टूल काढून दिलं.

"पाठवली कोणी?"

"मुलाने."

"फोन करतो का?"

"करतो. डबा आजारी पडल्यापासून रोज करतो."

त्याने चहावरची बशी उचलली, परत ठेवली. "माझा कुवेतला आहे," तो म्हणाला. मग शिक्का उचलून मारला आणि पार्सल माझ्यापुढे सरकवलं. दाखल्याचं त्याने परत नाव काढलं नाही.

त्या दिवशी शिहाबला दिवसभर बैठका होत्या. त्याने निरोप पाठवला. बाबा, डबा बंद करा, दुसरी डिस्क ओढून काढा, नवी घाला, डबा चालू करा, बाकीचं तो बघेल. जुनी टाकून द्या. एवढं काम एका मीटर तपासनीसाला अवघड नव्हतं. मी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डब्यासमोर बसलो आणि दुसरी डिस्क ओढून काढली. नवी आत सरकवली. दिवे लुकलुकायला लागले. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी कॉफी केली.

नेमका तेव्हाच खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत आला. मी जुनी डिस्क टोपलीत ठेवली आणि दोरी सोडली. दुसऱ्या मजल्यापर्यंत टोपली गेली असेल. तिथे माझा हात थांबला. आजारी असली म्हणून काय झालं, तिच्यावर इझ्दिहार होती. मी टोपली परत वर ओढली. भंगारवाल्याने खालून मला काहीतरी ऐकवलं, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. डिस्क एका रुमालात गुंडाळली, कपाट उघडलं आणि सूपाच्या भांड्यात ठेवून वर झाकण लावलं. त्या भांड्यात कधी सूप पडलं नव्हतं, तेव्हा जागा स्वच्छ होती.

आता इझ्दिहारचं सांगायला हवं.

ती जायच्या आदल्या वर्षी शिहाबला तिकडे मुलुखिया खायची लहर आली. तिने फोन स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि त्याला करून दाखवली. ते सगळं साठवलेलं आहे. पानं बारीक चिरताना ती मला मध्ये मध्ये ओरडते, कारण मी दिव्याच्या वाटेत उभा आहे. शेवटी ती लसूण आणि धण्याची फोडणी पातेल्यात ओतते, आणि ओतताना तोंडाने "हाऽऽ" असा श्वास आत ओढते, दचकल्यासारखा. आमच्याकडे सगळ्या बायका ओढतात. नाही ओढला तर पानं तळाशी बसतात आणि वर नुसतं पाणी राहतं. मी तिला आयुष्यभर हसलो. मी म्हणायचो, हवेचा आणि पानांचा काय संबंध. ती गेल्यावर मी पहिल्यांदा मुलुखिया केली आणि ती तळाशी बसली. दुसऱ्यांदाही बसली. तेव्हापासून दर शनिवारी मी ते चित्रण लावतो, फोडणी तयार ठेवतो, आणि ती श्वास ओढते त्या क्षणाला ओततो. माझी मुलुखिया बसत नाही. तिचा आवाज असलेली दुसरी कुठलीही गोष्ट माझ्याकडे नाही.

डिस्क बदलली त्यानंतरच्या शनिवारी मी पानं चिरली, लसूण तांबूस केला आणि चित्रण लावलं. ते उघडेना. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. बाहेर जाऊन बघितलं तर डब्याचे दोन्ही दिवे लाल. लसूण करपायला लागला होता. मी पळत आत आलो, आणि दुसरा उपाय नव्हता म्हणून मी स्वतःच तोंड उघडून "हाऽऽ" करून श्वास ओढला आणि फोडणी ओतली.

धूर सरळ घशात गेला. मी खोकायला लागलो तो थांबेनाच, पातेलं धरायला गेलो तर डाव हातातून सुटून फरशीवर आदळला. आमची स्वयंपाकघरं एकाच हवेच्या चौकात उघडतात. मादाम इन्शिराहनी वर माझा तो "हाऽऽ" ऐकला, मग खोकला ऐकला, मग डाव ऐकला, आणि आपल्या अनुभवावरून हृदयविकाराचं निदान केलं. इझ्दिहारच्या आजारपणापासून त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या आत आल्या, मला सोफ्यावर आडवा केला, पाय उशीवर ठेवले आणि नाडी धरली.

"छातीत कळ येते?"

"मुलुखिया बसली," मी म्हटलं.

"बोलू नका. असंबद्ध बोलताय."

मी जेवलेलो नाही हे कळल्यावर त्या सूप आणायला उठल्या. आणायचं कशात, तर त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. माझे डोळे ओल्या फडक्याखाली होते. किल्ली फिरल्याचा आणि कपबश्या वाजल्याचा आवाज आला, पण मला वाटलं ते माझ्या डोक्यात आहे.

शिहाबचा फोन आला तेव्हा माझ्या छातीवर टॉवेल होता आणि समोर इझ्दिहारचं भांडं होतं, काठोकाठ कोंबडीच्या सूपने भरलेलं.

"बाबा, डबा म्हणतो नकलेचं काम मध्येच थांबलं. नवी डिस्क आजारी डिस्कवरून नक्कल करायला बघतेय. असं कसं होईल? तुम्ही कुठली काढलीत?"

"दुसरी. तू सांगितलीस ती."

"कुठून दुसरी?"

"कुठून म्हणजे? उजवीकडून."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा," तो म्हणाला, "डावीकडून मोजायचं असतं."

आम्ही उजवीकडून लिहितो, उजवीकडून वाचतो, जपमाळ उजव्या हातात धरतो. शाळेत जाताना या मुलाचा हात धरून मीच त्याला दुकानांच्या पाट्या वाचायला शिकवल्या होत्या, उजवीकडून. तो कधी डावीकडून मोजायला लागला ते मला कळलं नाही. हे मी त्याला बोललो नाही. चांगली धडधाकट डिस्क मी काढली होती आणि आजारी आत ठेवली होती, आणि चूक माझीच मानली जाणार होती.

"जुनी टाकलीत ना?" तो विचारत होता. त्याचा आवाज बदलला होता. "मीच टाका म्हणालो. आईचं सगळं तिच्यावर होतं, बाबा. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. मी करणार होतो, राहून गेलं."

"टाकली नाही," मी म्हटलं, "सूपाच्या भांड्यात आहे."

आणि मग मी भांड्याकडे बघितलं.

मादाम इन्शिराहनी हात कमरेवर ठेवले. "ती लोखंडी चीज होय? रुमालातली? सूपाच्या भांड्यात कोणी लोखंड ठेवतं का, उस्ताज? बखीतला देऊन टाकली."

मी बाल्कनीत कसा पोचलो ते आठवत नाही. गुडघ्यांनी तेव्हा काही तक्रार केली नाही. खाली बखीत आपल्या बाकावर निवांत बसून शेंगा सोलत होता.

"बखीत, मादामनी दिलेली ती लोखंडी वस्तू कुठे आहे?"

"ही काय, बे. बाकाचा एक पाय कधीपासून आखूड होता. आता बघा कसा घट्ट बसलाय." आणि दाखवायला म्हणून तो बाकावर बसल्या बसल्या दोनदा जोरात हलला.

कानाशी शिहाब विचारत होता, "काय झालं? सापडली का? बाबा, तिच्यावर कोणी बसलंय का?"

"बसलेला उठतोय," मी म्हटलं.

मी टोपली सोडली. बखीतने डिस्क रुमालासकट तिच्यात ठेवली आणि काय वाटलं कोणास ठाऊक, डोक्यावरचा आपला फेटा सोडून तिच्याभोवती गुंडाळला. मी ओढायला सुरुवात केली. पहिल्या मजल्याशी टोपली कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला अडकली. मादाम माझ्या मागून माझा पायजमा धरून उभ्या होत्या, मी खाली पडू नये म्हणून. शिहाबने फोन धरून ठेवला होता आणि हळू आवाजात सारखं म्हणत होता, सावकाश, बाबा, सावकाश. इझ्दिहारला चौथ्या मजल्यावरून खाली नेलं तेव्हाही लिफ्ट बंद होती. तेव्हा तो पोचू शकला नव्हता. आज मी तिला वर ओढत होतो आणि तो होता, हे माझ्या मनात आलं आणि डोळ्यांपुढची दोरी पुसट झाली. चादर सुटली आणि टोपली वर आली.

डावीकडच्या घरात जुनी, उजवीकडच्या घरात नवी. या वेळी शिहाबने मला डावा हात वर करून दाखवायला लावला. डबा घुरघुरला, बराच वेळ विचार करत बसला. मग एक दिवा हिरवा झाला. दुसरा हिरवा व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. त्याने चित्रण लावायला सांगितलं. मी लावलं. इझ्दिहार मला दिव्याच्या वाटेतून बाजूला हो म्हणून ओरडली. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि श्वास ओढून झाल्यावर शिहाबने नाक ओढलं.

"आता काळजी नाही, बाबा. मी माझ्याकडेही प्रत केलीय. आता मेल यायचे नाहीत."

"चांगलं झालं," मी म्हटलं.

चांगलंच झालं होतं. सोमवारी फोन आला नाही. गुरुवारपर्यंत आला नाही. शुक्रवारी नमाजानंतर आला. सगळं ठीक, देवाची कृपा, औषधं, हवा. मी बटाट्यांचं काढलं, पण तो घाईत होता, आणि माझ्याकडे वाचून दाखवायला एकही ओळ नव्हती. मादाम इन्शिराह वर घरात नसल्यासारख्या शांत होत्या. रुग्ण बरा झाला की त्यांचा रस जातो. टोपली खाली जायची, वर यायची. घरात आवाज म्हणून एक नव्हता. हे असंच तर होतं आधीही, पण आधी मला ते माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी पानं चिरून झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत गेलो, डबा टेबलावरून उचलला आणि काचेच्या कपाटात, कपबश्यांपुढे ठेवला. वायर मागच्या भोकातून घेतली. दार लावलं. डबा गुरगुरायला लागला, कपबश्या किणकिणल्या. मी लसूण सोलत बसलो.

लसूण सोलून व्हायच्या आत फोन वाजला.

"बाबा, डबा तापलाय. पुन्हा कपाटात ठेवलात का?"

"टेबलावर धूळ फार बसते," मी म्हटलं.

मागे त्याच्या पोरांपैकी कोणीतरी त्याला हाक मारत होतं आणि तो उत्तर देत नव्हता.

"दार पूर्ण लावलंय?"

"लावलंय."

"पूर्ण लावू नका. बोटभर उघडं ठेवा." तो हे अगदी कामाचं सांगावं तसं सांगत होता. "तेवढ्याने डिस्कला काही होणार नाही. मला मेल मात्र येत राहील."

मी उठलो, कपाटाशी गेलो आणि दार किलकिलं करून फटीत बोट घालून बघितलं.

"कुठलं बोट, बाबा?"

"मधलं."

"बरोबर. आता तिथेच राहू द्या. आणि फोन ठेवू नका. फोडणी टाकेपर्यंत मी आहे."